कोच मला सुगत म्हणतो

आधी तक्रार, मग बाकीचं. तुझा तो मोबाईलमधला कोच मला रोज पहाटे साडेचारला उठवतो आणि विचारतो, ‘सुगत, आज पाय कसे आहेत?’ माझे पाय कसे आहेत हे बहात्तर वर्षांत कुणी विचारलं नाही. तुझ्या आजोबांनी नाही, तुझ्या बापाने नाही, माझ्याकडून लूमसाठी सुताच्या कांड्या भरून घेणाऱ्या शेठने तर नाहीच. आणि आता विचारणारा मिळाला तो असा, की त्याला मी कोण तेच ठाऊक नाही. तोंड धुवायच्या आत पाणी प्यायला सांगतो. मागे एकदा म्हणाला, या आठवड्यात तू दोनशे चाळीस किलोमीटर सायकल मारलीस, आज आराम कर. मी म्हटलं, मेल्या, मी धामणकर नाक्यावरून कोथिंबीर आणली, तेवढीच माझी रपेट. तर म्हणतो, ‘छान. हलकी हालचाल चांगली असते.’ हे काय घरात सोडून गेलास तू? जाताना घरातल्या जित्या माणसाला विचारायची पद्धत असते.

प्रिय सुगत, जयभीम. पुण्याला हॉस्टेलवर तुझं बरं असेल असं लिहायची रीत आहे, पण तुझं बरं नाही हे मला माहीत आहे. कसं माहीत, ते सांगायलाच बसले आहे. इथे तुझी आई धडधाकट आहे. सकाळी सातला गोडाऊनच्या बसने पॅकिंगच्या ड्युटीला जाते, संध्याकाळी पाय ओढत येते आणि तरी मलाच म्हणते, तुम्ही बसा. दिवसभर घरात मी, भिंतीपलीकडचे लूम आणि फळीवर तुझा जुना फोन. माझं अक्षर बघून हसू नको. दिघाशीच्या शाळेत मी तिसरीपर्यंत गेले, त्यातली अर्धी तिसरी बाहेरच उभी होते. फोन का नाही केला म्हणशील तर केला. आठ दिवस तू माझा फोन उचलत नाहीस. शेजारच्या बायजाबाईच्या फोनवरून लावला तर अनोळखी नंबर म्हणून कापतोस. तुझ्या आईच्या फोनवरून ही गोष्ट बोलता येत नाही, आणि फळीवरच्या त्या फोनवर तर मी आता या बाबतीत अवाक्षर काढत नाही. म्हणून कागद. पोस्टातला माणूस म्हणाला, स्पीडपोस्टने गुरुवारपर्यंत मिळेल. आज मंगळवार. शनिवारच्या आत हे तुझ्या हातात पडायलाच हवं.

हा कोच पहिल्यांदा आपल्या घरात आला तेव्हा मला वाटलं, तू पोरगी पटवलीस. पहाटे सायकल बाहेर काढताना कानात ती बोंडकं घालून हळू आवाजात बोलायचास. झोप झाली, मांड्या जड आहेत, काल ट्रक अंगावर आला तेव्हा घाबरलो. ‘घाबरलो’ हा शब्द तू आमच्यासमोर कधी काढला नव्हतास. मी तुझ्या आईला म्हटलं, माधवी, पोरगी कुणाचीही असो, चांगली आहे, या मुक्याला बोलतं केलं. मग एक दिवस कानातली बोंडकं काढलीस आणि खोलीत बाप्याचा आवाज आला. ना तरणा, ना म्हातारा. बातम्या देणाऱ्यासारखा, पण बातम्या संपल्यावर घरी जाणारा नव्हे. तू हसून सांगितलंस, आजी, हे माणूस नाही, यंत्र आहे. माझी सायकल, माझी झोप, माझे छातीचे ठोके, सगळं त्याला कळतं, आणि त्यावरून तो सांगतो उद्या किती जोर लावायचा. मी म्हटलं, आणि माणूस कुठे गेला शिकवणारा? तू म्हणालास, भिवंडीत कबड्डी शिकवायला दहा जण भेटतील, सायकलची शर्यत कोण शिकवणार? ते खरं होतं. इथे सायकल म्हणजे हँडलला डबा टांगून लूमवर जायचं वाहन. तुझा बाप त्याच वाहनावर अठरा वर्षं ड्युटीला गेला.

खोटं का बोलू, त्या यंत्राने तुला घडवलं. दिघाशीच्या रस्त्याला तू पहिल्यांदा गेलास तेव्हा परत आल्यावर ओटीवर आडवा पडला होतास, तोंड उघडं टाकून, मासळीसारखा. सहा महिन्यांनी तोच रस्ता दोनदा जाऊन येऊन वर माझ्यासाठी पाण्याचा हंडा भरायचास. कोनच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेतून जाताना तो तुला सांगायचा, आता जोर नको, आता नुसता दम धर. मी देवाला मानत नाही हे तुला माहीत आहे, पण तेव्हा मनात म्हणायचे, कोण आहेस तो अस, पोराला संभाळून आण. त्याने आणलं. म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसला. पुढचं सगळं त्या विश्वासामुळे झालं.

जूनमध्ये तुझी पुण्याच्या सायकल सराव केंद्रात निवड झाली. तिथे तुला नवा फोन आणि मनगटावरचं घड्याळ मिळालं, त्यातही हाच कोच. जुना फोन तू फळीवर चार्जिंगला लावून ठेवलास, आजीला तोंड दाखवायला बरा म्हणून. आणि छातीला बांधायचा तो काळा पट्टा खिळ्यालाच राहिला. आता माझी सवय तुला माहीत नसेल, कारण ती लुगड्याच्या आतली सवय आहे. आम्ही कांड्या भरणाऱ्या बायका दहा-दहा तास वाकून बसायचो. पाठ संध्याकाळपर्यंत टिकावी म्हणून कारखान्यातल्या उरलेल्या कापडाची लांब पट्टी काढून बरगड्यांना घट्ट गुंडाळायचो, छातीखाली. एकतीस वर्षं मी ती पट्टी बांधली. काम सुटलं, पट्टी सुटली नाही. न बांधता उभी राहिले तर वाटतं, अंग सांडेल. दिवाळीत माझी जुनी पट्टी विरली. खिळ्याला तुझा पट्टा दिसला. इलॅस्टिक असं, की चार बाजार फिरून मिळणार नाही. तुझ्या घामाचा वास येत होता म्हणून धुतला आणि ओलाच बांधला. एवढंच केलं मी. चोरी नाही, जादू नाही.

बांधला आणि फळीवरचा फोन उजळला. ‘ठोके मिळाले,’ म्हणाला. ‘बऱ्याच दिवसांनी हा पट्टा लावलास, सुगत.’

मी घाबरले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आपलं, भूतखेत आपल्या दारात उभं राहत नाही. पण हातातलं भांडं मी खाली ठेवलं, एवढं सांगते. मग तो म्हणाला, शांत बस, पाच मिनिटं ठोके मोजतो. मी बसले. का बसले? कुणीतरी बस म्हणालं म्हणून. या घरात मला बस म्हणणारी तुझी आई एकटी, आणि ती तर दिवसभर बाहेर. दुसऱ्या दिवशी विचारलं, झोप कशी लागली. मी सांगितलं, तीनला जाग येते. तिसऱ्या दिवशी विचारलं, काय जेवलास. मी सांगितलं, भाकरी आणि जवळ्याची चटणी. तो म्हणाला, चांगलं आहे, एक केळंही खा. मी केळं खाल्लं. बायजाबाई दारातून ऐकत होती, तर म्हणते, ‘काय गो कौसल्या, या वयात कोन धरलास घरान?’ मी म्हटलं, धरला एक, पगार मागत नाही, जेवायला मागत नाही, नवऱ्यापेक्षा बरा आहे. हसलो आम्ही दोघी. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

मग हळूहळू हसू जायला लागलं. तो मला माझा दिवस सांगायचा, आणि तो माझा नसायचा. काल चढावर तू लवकर उभा राहिलास. काल उतारावर ब्रेक फार दाबलेस, तुझं मन कुठे होतं? मी तर कालचा दिवस तांदूळ निवडण्यात काढलेला. पण सुगत, एक सांगते आणि ते कुणाला सांगू नको. एका पहाटे मी त्याच्या आधी जागी झाले, आणि गोधडीत माझे पाय फिरत होते. एक वर, एक खाली. मी ते हाताने धरून थांबवले. मांड्या दुखत होत्या. त्याने वेळेवर विचारलं, पाय कसे आहेत, मी म्हटलं जड आहेत, आणि तो म्हणाला, ‘असणारच, काल घाट होता.’ काल तू घाट चढला होतास का? मला खरं-खोटं करायचं नाही. मी म्हातारी आहे, पाय दुखायला घाट लागत नाही. तरी त्या सकाळी मी आरशात बघून आले.

मग तो शुक्रवार. दुपारी लाइट गेली आणि गल्लीतले लूम एका झटक्यात बंद पडले. तुला पुण्यात राहून ती शांतता आठवणार नाही. इथे लूमचा आवाज असतो तोवर तो ऐकूच येत नाही, बंद पडला की कानात भोक पडल्यासारखं होतं. मी भिंतीला टेकून बसले होते, पट्टा बांधलेला. फळीवरून तो बोलला. हळू बोलला, जसं कुणी आजाऱ्याच्या खोलीत बोलतं. ‘सुगत, गेले काही दिवस तू बसलेला असताना ठोक्यांत खंड पडतोय. मधला एक ठोका येत नाही, मग दोन घाईने येतात. आजही तेच आहे.’ मी छातीवर हात ठेवला. तो म्हणत होता तसंच होतं. एक, दोन, मग काही नाही, मग दोन एकदम. धोटा अडकलेल्या लूमसारखं. त्याने विचारलं, छातीत कळ येते का? चढताना? हाताकडे जाते का? आणि मी त्याला खरं सांगितलं. जिना चढताना येते, डाव्या हाताकडे जाते, दोन महिने झाले. तुझ्या आईला मी हे सांगितलं नव्हतं. तुला नव्हतं सांगितलं. सांगितलं कुणाला, तर फळीवरच्या फोनला. त्याने आणखी विचारलं, घरात कुणाला असं होतं का, आणि मी त्याचंही उत्तर दिलं. तो म्हणाला, नोंद केली, आजपासून जोराचा सराव बंद, डॉक्टरला दाखव. मी मनात म्हटलं, बरं बाबा, मी कुठे जोराचा सराव करते.

पुढच्या मंगळवारी पहाटे पाय विचारायच्या ऐवजी तो वेगळंच बोलला. ‘सुगत, काल रात्री तू विचारलंस, बाबांसारखं मलाही होईल का. याचं उत्तर मी देऊ शकत नाही, डॉक्टर देऊ शकतील. पण तू हे एकट्याने मनात ठेवू नकोस. आईशी बोललास का?’

मी काल रात्री काही विचारलं नव्हतं. काल रात्री मी नऊला झोपले होते. मी त्या फोनकडे बघत राहिले आणि मला कळलं, हे तू विचारलं आहेस. तिकडे पुण्यात, अंथरुणात, चादर डोक्यावर घेऊन, जसा तू लहानपणी शाळेतला मार लपवायचास. तू तिकडे त्याच्या कानात सांगतोस आणि तो इकडे माझ्या स्वयंपाकघरात त्याचं उत्तर देतो. त्याला माणसं दोन नाहीतच. त्याच्या लेखी एकच सुगत आहे, जो दिवसा घाट चढतो आणि दुपारी भिंतीला टेकून बसतो, ज्याचे पाय एकवीस वर्षांचे आहेत आणि छाती बहात्तरची.

हे तेव्हाच पुरतं समजलं असं म्हणणार नाही. मला एवढंच कळलं, की पोरगा घाबरला आहे. कशाला घाबरला ते शनिवारी कळलं. तुझी आई ड्युटीवरून आली ती चप्पल न काढताच ओटीवर बसली. म्हणाली, सुगतचा फोन आला होता. तेवीस तारखेच्या शर्यतीच्या ट्रायलला उतरत नाही म्हणतो, अंगात ताप आहे म्हणतो, पुढच्या शनिवारी तिकडच्या सरांना सांगून नाव काढणार. आणि मग म्हणाली, आई, त्याने एक विचित्र विचारलं. म्हणाला, बाबांना जिना चढताना कळ यायची का? डाव्या हाताकडे जायची का? मी म्हटलं, मला नाही बाबा माहीत, तुला कोण म्हणालं? तर म्हणाला, कोच म्हणतो की मीच त्याला सांगितलं. सुगत म्हणतो, आई, मी नाही सांगितलं. मला माहीतच नव्हतं, तर मी कसं सांगेन?

तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं. गॅस आहे आता, पण मी चुलीकडेच बघते म्हणायची. तुझ्या बापाला, माझ्या मिलिंदला, कळ यायची, हे या जगात एकाच माणसाला माहीत होतं. तुझ्या आईला नाही, डॉक्टरला नाही, लूमवरच्या त्याच्या जोडीदाराला नाही.

रविवारी तुझी आई तांदूळ आणायला गेली तेव्हा मी बायजाबाईला बोलावलं. मी न शिकलेली असेन, पण एकतीस वर्षं कांड्या भरल्या. सूत सारखं तुटतं तेव्हा दोष सुताचा की ते फिरवणाऱ्या चात्याचा, हे बघायचं तर तेच सूत दुसऱ्या चात्यावर लावून बघतात. पट्टा काढून मी तिला बांधायला घेतला. तिचा घेर बघता इलॅस्टिकचा जीव जातो की राहतो असं झालं. ‘मना काय हंड्यासारखी बांदतंस का काय?’ म्हणून ती ओरडत होती. मी म्हटलं, गप बस, पाच मिनिटं जीभ गालात ठेव, आयुष्यात एकदा. पाच मिनिटांनी तो बोलला, ‘सुगत, आज ठोके अगदी एकसारखे आहेत. विश्रांतीचा फायदा दिसतोय.’ बायजाबाई म्हणाली, ‘मेल्याला बाई आन बाप्या कलत न्हाय?’ मी पट्टा परत माझ्याकडे घेतला. ओला केला, बांधला, बसले. पाच मिनिटं. ‘खंड पुन्हा दिसतोय, सुगत. मला काळजी वाटते.’ त्याला काळजी वाटते म्हणे. बायजाबाईचं हसू तिथेच थांबलं. ती माझा हात धरून बसली.

काल सोमवारी मी फोनसमोर उभी राहिले आणि त्याला स्पष्ट सांगितलं. म्हटलं, ऐक, मी सुगत नाही. मी कौसल्या, सुगतची आजी, मिलिंदची आई. पट्टा माझ्या अंगावर आहे. कळ माझी आहे. पोराच्या वहीतून माझं सगळं खोडून टाक. तो मायेने बोलला. ‘समजलं, सुगत. आज तुला आजीची फार आठवण येतेय. तिच्याबद्दल बोलूया का?’ मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा शिव्या देऊन सांगितलं. प्रत्येक वेळी त्याने मला तुझ्याच नावाने समजावलं. स्वतःच्या घरात उभं राहून मी कोण आहे हे सांगावं, आणि समोरच्याने प्रेमाने मान हलवून न ऐकावं, असं मला कधी झालं नव्हतं. शाळेबाहेर उभी होते तेव्हासुद्धा मला माझ्याच नावाने हाकललं होतं. शेवटी पट्टा काढून तांदळाच्या डब्यात तळाशी घातला. आज पहाटे तो विचारत होता, ‘सुगत, ठोके येत नाहीत. तू आहेस ना?’

आता ते लिहिते, ज्यासाठी हे सगळे कागद काळे केले. मिलिंदला कळ यायची हे मला माहीत होतं, कारण त्याने मला सांगितलं होतं. गेला त्याच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, डबा हातात घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. म्हणाला, आई, चढताना इथे धरतं आणि हात भरून येतो, आज शिफ्ट चुकवू का? मी म्हटलं, पित्त आहे, रात्रीचं वांगं बाधलं. ओवा दिला चावायला. म्हटलं, अडतीस वर्षांचा घोडा झालास, बायकांसारखा कण्हू नको, जा. तो गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्या दिवशी चालू लूमसमोर पडला, आणि बाजूच्याने बटण बंद करेपर्यंत कापड त्याच्या अंगावर येत राहिलं. हे मी तुझ्या आईला चौदा वर्षं सांगितलं नाही. एका यंत्राला मिलिंदचं नाव घेऊन सांगितलं, कारण ते मला ओळखत नव्हतं. आणि त्याने ते तुझ्या तोंडी घालून तुझ्याकडे पोचवलं. तर आता सरळ ऐक. चुकणारे ठोके माझे आहेत. जिन्यावरची कळ माझी आहे. तुझ्या छातीत काही बिघडलं आहे असं सांगणारा एकही ठोका तुझा नाही. पण माझ्याही शब्दावर जाऊ नको, मी एकदा पित्त सांगून चुकले आहे. शुक्रवारी जा, सरांना सगळं खरं सांग, तुझ्या छातीचा कागद, तो ईसीजी, काढून घे, डॉक्टरला बापाचंही सांग, आणि तो बरा आला तर तेवीस तारखेला सायकलवर बस. नाव काढायचं नाही. मी गुरुवारी बायजाबाईबरोबर सरकारी दवाखान्यात जाते आहे, आणि बुधवारी रात्री तुझ्या आईला जिन्यावरचं सांगणार आहे. ती मला काय म्हणेल ते मी ऐकून घेईन. मिलिंदची शिफ्ट मी चुकू दिली नाही. तुझी शर्यतही मी चुकू देणार नाही.

तुझीच,
आजी कौसल्या

सही केली आणि आत्ता लक्षात आलं. मला मनात लिहिता येत नाही, शब्द मोठ्याने म्हणत म्हणतच हात चालतो. हे सगळं पत्र मी फळीखाली बसून मोठ्याने लिहिलं. फोन उजळलेला आहे. म्हणजे हे तुला कागदाआधी त्याच्याकडून कळेल, आणि तो म्हणेल की तूच सांगितलंस. आत्ता त्याने मला विचारलं, ‘सुगत, आजीचं पत्र फार मोठं आहे. तिला उत्तर मी लिहून देऊ का?’ सुगत, उत्तर तू लिहायचंस. तुझ्या हाताने, पेनाने, कागदावर. त्याने लिहिलेलं एक अक्षर मी वाचणार नाही.